बेंगरूळ आणि मराठी इतिहासवाचन

बंगळुरूच्या शिवाजीनगरात राहणाऱ्या मराठी वाचकाने इतिहास, युद्ध आणि राजकारण या विषयांवर प्रथम काय वाचावे, हा प्रश्न वरवर पाहता ग्रंथांच्या यादीचा वाटतो. वस्तुतः तो कोठे उभे राहून वाचावे असा प्रश्न आहे. शिवाजीनगर ही मुळात इंग्रजांच्या छावणीतली वस्ती. टिपूच्या पतनानंतर, १८०९ पासून वसत गेलेल्या त्या छावणीत हा भाग ब्लॅकपल्ली म्हणून ओळखला जाई. महाराजांचे नाव त्यास पुढे मिळाले. रसेल मार्केटाच्या परिसरात कानी पडतात त्या भाषा तमिळ, दखनी उर्दू आणि कन्नड. अशा ठिकाणच्या मराठी घरातील कपाटात मात्र बहुधा पुण्याकडे तोंड करून लिहिलेला इतिहास असतो, आणि त्यात कर्नाटक हा देश नसून स्वारीचा मुलूख असतो.

प्रस्तुत लेखकाच्या मते या वाचकाने आरंभ सभासदाच्या बखरीपासून करावा. बखर लहान आहे. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस, म्हणजे खुद्द दक्षिणेत, ती लिहिली गेली. दादाजी कोंडदेवाबरोबर जिजाबाई आणि बारा वर्षांचे शिवाजीराजे शहाजीराजांच्या भेटीस ‘बेंगरूळास’ गेल्याचा उल्लेख तीत अगदी आरंभी येतो. सभासदास हे गाव परके वाटत नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्यानंतर जयराम पिंड्ये याचे ‘राधामाधवविलासचंपू’. वि. का. राजवाडे यांनी ते १९२२ साली दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून काव्यापेक्षा प्रस्तावनेचीच चर्चा अधिक झाली. हे स्वाभाविकच होते. राजवाड्यांचे अनुमान पायी चालत नाही, ते घोड्यावरून दौडते. शहाजीराजांच्या प्रत्येक हालचालीत त्यांस स्वराज्याची पूर्वयोजना दिसते. वाचताना मन भारून जाते, पण पुरावा मागे राहतो. म्हणून येथे क्रम उलटा करावा: आधी काव्य, मग प्रस्तावना. राधाकृष्णांचा विलास संपवून कवी शहाजीराजांच्या दरबारात येतो, आणि तेथे नाना भाषांचे कवी आपापल्या वाणीत राजाची स्तुती करताना दिसतात. स्तुतिकाव्य म्हणजे साक्ष नव्हे, हे खरे. परंतु कोणत्या भाषांत स्तुती करणे शोभून दिसे, याची साक्ष त्यात आहेच. विजापूरच्या चाकरीतला एक मराठा सरदार कन्नड मुलखात बहुभाषी दरबार भरवतो, हे चित्र राजवाड्यांच्या सिद्धांताहून मला अधिक मोलाचे वाटते.

या चित्राची दुसरी बाजू कन्नड वाचकास ठाऊक असते, आपणांस क्वचितच. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने शहाजीराजांसह बंगळुरूवर चाल केली, तेव्हा शहर केंपेगौडांच्या घराण्याकडे होते. ज्या केंपेगौडाने ते वसविले त्याच्याच वंशजास मागडीकडे जावे लागले. शहाजीराजांची समाधी होदिगेरे येथे, कर्नाटकातच आहे. पुढे १६८७ मध्ये, तंजावरी स्थिरावलेल्या एकोजीराजांनी हे शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराजास तीन लाखांस विकावयाचे ठरविले. मध्येच मोगल सेनापती कासिमखान शहरात शिरला, आणि अखेर ते चिक्कदेवराजाच्याच हाती पडले. सुमारे पन्नास वर्षांचा अंमल खरेदीविक्रीच्या बोलणीत संपला. आपल्या बहुतेक इतिहासग्रंथांतून ही हकीकत एका ओळीत उरकली जाते, कारण तीत रणवाद्ये नाहीत. राजकारणाच्या अभ्यासकास मात्र एखाद्या विजयाहून ती अधिक शिकवून जाईल.

खरी कसोटी १७९१ च्या प्रसंगी लागते. त्या वर्षी मार्चमध्ये कॉर्नवॉलिसने बंगळुरूचा किल्ला घेतला. परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज त्याच युद्धात इंग्रजांच्या बाजूने म्हैसूरच्या मुलखात वावरत होती, आणि तिच्याबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शारदेची मूर्ती स्थानभ्रष्ट झाली. स्वामींना मठ सोडावा लागला. टिपूने त्यांस कन्नडमध्ये पत्रे लिहून संताप व्यक्त केला आणि पुनःप्रतिष्ठेसाठी साहाय्य देवविले. ही पत्रे १९१६ साली म्हैसूरच्या पुराणवस्तू खात्याचे आर. नरसिंहाचार यांच्या दृष्टीस पडली. दुसरीकडे मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. मराठी सरदारांची युद्धे आतून कशी दिसतात हे समजण्यास त्यासारखे साधन थोडेच. एक पत्रसमूह लुटणाऱ्यांच्या छावणीकडचा, दुसरा लुटल्या गेलेल्या मठाकडचा. दोन्ही मेजावर शेजारी ठेवून वाचावेत.

लूट पेंढाऱ्यांनी केली, आज्ञेने नव्हे, असा खुलासा आपल्याकडे नेहमी दिला जातो. तो खोटा नाही. पण ज्या फौजेच्या पोटात पेंढारी बाळगण्याची चाल होती तिचा जबाबदारीतून त्याने सुटका होत नाही. त्याचप्रमाणे ही पत्रे टिपूच्या सद्‌वर्तनाचा दाखला म्हणून फडकविणाऱ्यांनी कोडगू आणि मलबार येथील त्याचे वर्तन विसरून चालणार नाही. राजा आपल्या राज्यातील मठाचे रक्षण करतो आणि शत्रूच्या मुलखाशी निराळा वागतो, हे त्या युगाचे राजकारण होते; पेशव्यांचेही त्याहून फार वेगळे नव्हते.

उरलेल्या ग्रंथांविषयी थोडक्यात. ग्रँट डफचा १८२६ चा इतिहास वाचावा, पण नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी विद्यार्थिदशेत त्यावर केलेल्या टीकेसह. शेजवलकरांचे ‘पानिपत १७६१’ इंग्रजीत १९४६ साली आणि मराठीत १९६१ साली आले; पराभवाचा इतिहास हुंदका न देता लिहिता येतो, हे मराठीत त्यांनीच दाखविले. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ घ्यावयाचा तर १९०७ ची चिं. वि. वैद्यांनी संस्कारिलेली प्रत नव्हे, द. वा. पोतदारांनी १९६६ साली दिलेली मूळ संहिता घ्यावी. भाषांतरकारास ही दोन पुस्तके ताडून पाहण्याचा मोह आवरणार नाही: संपादकाच्या हातून भिक्षुकाची भाषा कोठे सभ्य झाली आणि त्याबरोबर १८५७ चा धुरळा कोठे खाली बसला, हे तेथे पानोपानी दिसते.