दशावतारी गंजिफा (सावंतवाडी)

दशावतारी गंजिफा हा हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा एक पारंपरिक भारतीय संच आणि त्या पत्त्यांनी खेळला जाणारा खेळ आहे. विष्णूच्या दहा अवतारांवर बेतलेले दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने, अशी एकूण १२० पाने त्यात असतात. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी हे या पत्त्यांच्या निर्मितीचे प्रमुख केंद्र आहे. 'सावंतवाडी गंजिफा' या नावाने या कलेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

उगम

गंजिफा हा शब्द फारसीतून आला. भारतातील या खेळाचा जुना आणि निश्चित उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो. १५२७ मध्ये त्याने सिंधमधील शाह हसन याच्याकडे गंजिफांचा जोड पाठवल्याची नोंद तेथे आहे. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त बारा रंगांच्या जुन्या खेळाचे आणि अकबराने त्यात केलेल्या बदलांचे वर्णन येते. पुढे आठ रंगांचा, ९६ पानांचा मोगल गंजिफा सर्वत्र रूढ झाला. दख्खनमध्ये त्यास चंगकांचन असेही म्हणत. ताज, शमशेर, गुलाम, बरात यांसारखे त्याचे रंग दरबार आणि खजिना यांच्याशी निगडित होते. त्यांच्या जागी अवतार आले, तेव्हा खेळाचा मूळ सांगाडा न बदलता त्याला सर्वस्वी स्थानिक रूप मिळाले.

सावंतवाडी संस्थानात ही कला तिसरे खेम सावंत भोसले (कारकीर्द १७५५ ते १८०३) यांच्या काळात रुजली, असे मानले जाते. तेलंगणातून दरबारात आलेल्या विद्वानांबरोबर हा खेळ येथे पोहोचला आणि लाखकाम व लाकूडकाम करणाऱ्या स्थानिक चितारी कारागिरांनी पत्ते तयार करण्याचे तंत्र आत्मसात केले, अशी परंपरा सांगितली जाते. लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेली शहरातील चितार आळी याच समाजाच्या नावाने ओळखली जाते.

संचाची रचना

मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की हे दहा रंग होत. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अंकांची पाने असतात. राजाच्या पानावर तो अवतार स्वतः चितारलेला असतो. प्रधान बहुधा घोड्यावर स्वार असतो. अंकांच्या पानांवर त्या अवताराचे चिन्ह तितक्या वेळा काढतात. मत्स्यासाठी मासा, कूर्मासाठी कासव, वामनासाठी कमंडलू, परशुरामासाठी परशू अशी ही चिन्हे असून काही अवतारांची चिन्हे प्रांतानुसार बदलतात. प्रत्येक रंगाची पार्श्वभूमीही वेगळी असते. हातात पंख्यासारख्या धरलेल्या चाळीस पानांतून रंग चटकन ओळखायचा, तर चिन्हापेक्षा पार्श्वभूमीचाच उपयोग अधिक होतो.

अंकांचा क्रम नवख्या माणसास गोंधळात टाकतो. निम्म्या रंगांत राजा आणि प्रधान यांच्याखाली दश्शी सर्वांत मोठी आणि एक्का सर्वांत लहान असतो. उरलेल्या निम्म्या रंगांत हा क्रम उलटा होऊन प्रधानानंतर एक्का येतो आणि दश्शी तळाशी जाते. हा उलटा क्रम मोगल गंजिफातूनच आलेला आहे.

खेळ

खेळात सामान्यतः तीन खेळाडू असतात आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणे खेळतो. गोल पाने आपल्या नेहमीच्या पत्त्यांप्रमाणे पिसता येत नाहीत. म्हणून ती चादरीवर पालथी पसरून कालवतात आणि मग प्रत्येकास चाळीस पाने वाटतात. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याची उतारी असते. रात्री हा मान कृष्णाच्या राजाकडे जातो.

एखाद्या रंगातील जी पाने अद्याप खेळली गेलेली नाहीत, त्यांतील सर्वांत मोठ्या पानास हुकूम म्हणतात. आजच्या पत्त्यांतील हुकमाशी या शब्दाची गल्लत होऊ नये. गंजिफात इतर रंगांना मारणारा असा कोणताही रंग नसतो. शिवाय उतारीचा रंग खेळण्याचे बंधनही नसते. या दोन गोष्टींमुळे डावाचे स्वरूप ब्रिज किंवा तीनशेचार यांहून फार निराळे होते. समजा, एका खेळाडूने कूर्माचा राजा उतरवला. कूर्माचा प्रधान दुसऱ्याकडे असला तरी तो टाकण्याची सक्ती त्याच्यावर नाही. तो दुसऱ्याच रंगाचे एखादे निरुपयोगी पान टाकून मोकळा होतो. राजा हात जिंकतो खरा, पण त्याच क्षणी प्रतिस्पर्ध्याचा प्रधान हुकूम बनतो. म्हणून राजा केव्हा खेळावा हा या खेळातील खरा प्रश्न आहे. हुकूम संपल्यावर उतारी दुसऱ्याकडे जाते आणि ती पुन्हा मिळेपर्यंत हातातील मोठी पानेही स्वस्थ बसून राहतात.

यश मुख्यतः स्मरणशक्तीवर अवलंबून असते. १२० पानांपैकी कोणती गेली, कोणत्या रंगात आता हुकूम कोणता, हे डोक्यात ठेवावे लागते. त्यातच निम्म्या रंगांचा क्रम उलटा. हा खेळ केवळ नशिबाचा असल्याचे काही ठिकाणी लिहिले जाते, ते बरोबर नाही.

निर्मिती

पारंपरिक पद्धतीत कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवतात. त्यावर खडूच्या भुकटीचा लेप देऊन, तो वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटतात. मग गोल चकत्या कापून, पार्श्वभूमीचा रंग भरून आकृत्या काढल्या जातात. शेवटी लाखेचा हात दिला जातो. या लेपामुळे पानास चकाकी व कडकपणा येतो आणि घामाने रंग निघत नाही. पाठीमागची बाजू एकाच रंगाची असते. तीवर हलकासा डाग जरी राहिला, तरी पान ओळखता येते आणि संच खेळण्यास निकामी ठरतो. संच ठेवण्यासाठी चित्रे काढलेली लाकडी पेटी असते. श्रीमंतांसाठी बारीक कामाचे 'दरबारी' आणि सामान्यांसाठी मोजक्या फटकाऱ्यांचे 'बाजारी', असे दोन प्रकार केले जात. राजघराण्यांसाठी हस्तिदंताची पानेही बनत. दरबारी संच संग्रहालयांत टिकले. बाजारी संच वापरून झिजले आणि त्यामुळे आज तेच दुर्मीळ आहेत.

ऱ्हास आणि पुनरुज्जीवन

युरोपातून आलेल्या ५२ पानांच्या स्वस्त छापील पत्त्यांपुढे गंजिफा टिकू शकला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत ही विद्या जाणणारे कारागीर जवळजवळ उरले नव्हते. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात ती जुन्या कारागिराकडून शिकून घेतली, स्वतः पाने रंगवली आणि राजवाड्यातच कार्यशाळा सुरू केली. आजही तेथे कारागीर बसून काम करताना दिसतात. दशावताराखेरीज नवग्रह (१०८ पाने) आणि राशी (१४४ पाने) यांचे संच, तसेच नेहमीच्या ५२ पत्त्यांची गोल आवृत्तीही तेथे तयार होते. मुंबईत वास्तव्य केलेले कलासमीक्षक रूडॉल्फ फॉन लायडन यांच्या संग्रहामुळे व लेखनामुळे या पत्त्यांकडे परदेशी अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. ओडिशातील रघुराजपूर, बंगालमधील बिष्णुपूर आणि म्हैसूर येथेही गंजिफाच्या स्वतंत्र परंपरा आहेत.

पुनरुज्जीवन झाले ते मुख्यतः पत्त्यांचे. खेळाचे झाले नाही. विकले जाणारे बहुतेक संच संग्राहकांकडे जातात किंवा चौकटीत बसवून भिंतीवर लावले जातात. संचासोबत नियमांचा कागद देता येतो, परंतु चाळीस पाने हाती धरून तीन माणसांनी बसण्याची सवय त्यातून येत नाही.