२१६ बाटल्यांवरचा खटला

#थ्रेड 🧵

(१/१०) १९६९ साली अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने विलक्षण खटल्याचा निकाल दिला. एका बाजूला अमेरिकेचे सरकार, दुसऱ्या बाजूला जप्त केलेल्या २१६ बाटल्या! बाटल्यांत सुरकुत्यांवरचे लोशन होते, नाव ‘सडन चेंज’. सुरकुत्यांवरील क्रीमची पारख कशी करावी, हे सांगणारा इतिहास येथून उलगडतो.

(२/१०) लोशनमध्ये सुमारे १५ टक्के अल्ब्युमिन, म्हणजे गुरांपासून मिळवलेले प्रथिन, आणि उरलेले बहुतांश पाणी. ते चेहऱ्यावर वाळले की पातळ पापुद्रा तयार होई. तो त्वचेला ताणून धरी आणि सुरकुत्या झाकल्या जात. हा परिणाम तात्पुरता असे.

(३/१०) जाहिरात मात्र ‘शस्त्रक्रियेविना फेसलिफ्ट’ची ग्वाही देत होती. १९३८ च्या अमेरिकी कायद्यानुसार शरीराची रचना किंवा कार्य बदलण्याच्या उद्देशाने विकली जाणारी वस्तू ‘औषध’ ठरते. नव्या औषधाला विक्रीपूर्वी पुरावा द्यावा लागतो. सौंदर्यप्रसाधनाला गुणाचा असा पुरावा द्यावा लागत नाही.

(४/१०) न्यायालयाने भोळ्या, चटकन विश्वास ठेवणाऱ्या ग्राहकाच्या नजरेतून जाहिरात वाचली आणि लोशनला ‘औषध’ ठरवले. त्याच वर्षी ‘लाइन अवे’ या लोशनचाही तसाच निकाल लागला. १९७१ मध्ये ‘मॅजिक सीक्रेट’ मात्र सुटले. घटक जवळपास तेच. फक्त त्याची जाहिरात सौम्य होती.

(५/१०) व्यापाराने यातून धडा घेतला, तो शब्दांचा. ‘सुरकुत्या कमी होतात’ हा औषधाचा दावा. ‘सुरकुत्या कमी दिसतात’ हा प्रसाधनाचा. ‘होणे’ आणि ‘दिसणे’ यांतील हे अंतर आजही वेष्टनावर वाचता येते. पण क्रीम गुणकारी आहे का, हा प्रश्न शब्दांनी सुटत नाही.

(६/१०) त्याचे उत्तर अनपेक्षित दिशेने आले. ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारे ट्रेटिनॉइन मुरमांवरचे औषध म्हणून १९७१ पासून अमेरिकेत उपलब्ध होते. त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांच्या वयस्क रुग्ण स्त्रिया सांगू लागल्या की, मुरमांबरोबर त्वचाही नितळ होत आहे.

(७/१०) १९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी याची कसोटी घेतली. ३० जणांच्या एका हातावर ट्रेटिनॉइनयुक्त क्रीम, दुसऱ्यावर तेच क्रीम ट्रेटिनॉइनविना. कोणते कुठे, हे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. १६ आठवड्यांनी औषध लावलेल्या हातांवर उन्हाने झालेली हानी घटलेली आढळली. दुसऱ्या हातांवर नाही. त्वचेचा दाह हा दुष्परिणामही नोंदला गेला. १९९५ मध्ये या उपयोगासाठी सरकारी मान्यता मिळाली.

(८/१०) या यशाला एक काळी बाजू आहे. क्लिगमन यांनी १९५१ ते १९७४ या काळात फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांच्या त्वचेवर असंख्य प्रयोग केले. ट्रेटिनॉइनची चाचणीही तेथे झाली. कैद्यांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती. तुटपुंज्या पैशांच्या मोबदल्यात, धोक्यांची पुरेशी कल्पना न देता घेतलेली ती संमती होती. फिलाडेल्फिया शहराने माफी मागितली ती २०२२ मध्ये. तोवर अनेक कैदी हयात नव्हते.

(९/१०) म्हणून दोन क्रीमची तुलना करताना किंमत आणि सुगंध बाजूला ठेवावा. ज्या घटकाचा गाजावाजा आहे, तो वगळून बनवलेल्या त्याच क्रीमशी तुलना झाली होती का, हे विचारावे. साध्या क्रीमच्या ओलाव्यानेही बारीक रेषा काही काळ पुसट होतात. तेवढ्याचे श्रेय महागड्या घटकाला देऊ नये. ट्रेटिनॉइन मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावे. गरोदरपणी ते टाळतात.

(१०/१०) आणि सर्वांत साधा उपाय सुरकुत्या पडण्याआधीचा. ऑस्ट्रेलियातील नॅम्बूर येथे ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे अभ्यास झाला. ज्यांना रोज सनस्क्रीन लावण्यास सांगितले होते, त्यांच्या त्वचेच्या वार्धक्यात मोजण्याजोगी वाढ आढळली नाही. हा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. २१६ बाटल्यांनी जे एका क्षणात देऊ केले होते, त्यासाठी येथे रोजची सवय लागली.