'किनार्यावर' नको, 'किनाऱ्यावर' हवं: वर्डमधल्या हट्टी रफारावर ऑल्ट-एक्सचा उपाय

मुरूड, काशीद, दिवेआगर, श्रीवर्धन. रायगडच्या किनारपट्टीवरच्या घरगुती निवासाची जाहिरात असो की आगरदांडा-दिघी फेरीबोटीच्या वेळा, एक चूक सारखी दिसते: 'समुद्रकिनार्यावर', 'बोटीच्या फेर्या', 'श्रीवर्धनच्या सुपार्या'. लिहिणाऱ्याला बरोबर रूप बहुधा माहीत असतं. पण वर्डमध्ये र, त्याचा पाय मोडायचं चिन्ह आणि य टाइप केलं की र उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. खोडून पुन्हा लिहिलं तरी तेच.

यात वर्डचा दोष नाही. युनिकोडमध्ये देवनागरीचा नियमच तसा आहे: पाय मोडलेल्या र नंतर व्यंजन आलं की रफार काढायचा. हिंदीचं त्यावर भागतं. मराठीला मात्र आडवा, पापणीसारखा अर्धा र ही लागतो. (युनिकोडच्या कागदपत्रांत त्याचं नावही 'आयलॅश रा' असंच आहे, नेपाळीतही तो वापरतात.)

हा नुसता दिसण्याचा फरक नाही. कोळी बांधव ज्यात होड्या घालतात तो 'दर्या', आणि सह्याद्रीत असतात त्या 'दऱ्या'. 'आचार्यांना' बोलावणं वेगळं, 'आचाऱ्यांना' बोलावणं वेगळं. उच्चारातच खूण मिळते. आधीच्या अक्षरावर जोर येत असेल तर रफार: सूर्य, पर्यटन, कार्यालय. जोर येत नसेल तर आडवा र: वारा-वाऱ्याने, खारा-खाऱ्या, फेरी-फेऱ्या. 'गऱ्हाणं'ही त्यातलंच.

आता उपाय. आडव्या र साठी युनिकोडने नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला 'ऱ' ठरवला आहे. त्याचा क्रमांक ०९३१. वर्डमध्ये 'किना' लिहा, कीबोर्ड इंग्रजीवर घ्या, हे चार आकडे टाइप करा आणि लगेच ऑल्ट दाबून एक्स दाबा. आकडे जाऊन तिथे 'ऱ' येतो. मग पुन्हा मराठीवर येऊन पाय मोडा आणि य लिहा: 'किनाऱ्या'. आकडे इंग्रजीच हवेत, देवनागरी आकड्यांवर ही युक्ती चालत नाही. लिब्रेऑफिस रायटरमध्येही हाच शॉर्टकट आहे.

इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरणाऱ्यांना एवढाही खटाटोप नको. जे वर र असतो, शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ. पुढे डी, मग स्लॅशची कळ. तीन कळांत 'ऱ्य' तयार. रोज मराठी लिहिणाऱ्याने खरं तर हीच सवय लावून घ्यावी, ऑल्ट-एक्स अडीअडचणीला.

आधीच लिहून झालेला मजकूर दुरुस्त करायचा तर कंट्रोल-एच. पण इथे घाई महागात पडते. सगळे 'र्य' एकदम 'ऱ्य' केले, तर 'पर्यटन'चं 'पऱ्यटन', 'सूर्यास्त'चा 'सूऱ्यास्त' आणि कोळ्यांच्या दर्याच्या दऱ्या होतील. म्हणून शोधायच्या चौकटीत पूर्ण तुकडा द्यावा, जसं 'किनार्य', आणि बदलायच्या चौकटीत 'किनाऱ्य'. 'फेर्य', 'सुपार्य' यांचंही तसंच, एकेक करून.

कधी दुसऱ्याकडून आलेल्या फाइलमध्ये 'किनाऱ्यावर' डोळ्यांना अचूक दिसतं, तरी शोधल्यावर सापडत नाही. तिथे ऱ ऐवजी साधा र, पाय मोडायचं चिन्ह आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह (क्रमांक २००डी) वापरलेलं असू शकतं. ही जुनी पद्धत अजून चालते आणि दिसतंही सारखंच, पण संगणकाच्या हिशोबी ते शब्द वेगळे. एकाच फाइलमध्ये दोन्ही मिसळू नयेत.

फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर यातलं काहीच लागू होत नाही. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि त्या बदलातही आडवा र हरवू शकतो. तेव्हा पोस्ट टाकण्याआधी 'र्य' आणि 'र्ह' शोधून एक नजर फिरवायलाच हवी.