परिषदेला निघताना: आधी परतीचे बघा



आपल्यात डॉक्टर, प्राध्यापक, संशोधक आणि कंपन्यांतले इंजिनियर पुष्कळ. त्यामुळे उन्हाळा जवळ आला की कोणाचा ना कोणाचा पेपर बर्लिनला, टोरांटोला नाहीतर सिंगापूरला स्वीकारला जातो आणि मग आम्हाला फोन येतो, "तुम्ही जाऊन आलात ना, काय काय लागतं हो?" दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावे म्हणून हा लेख. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत राहणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे. आम्ही वकील नाही, त्यामुळे आपल्या प्रकरणात काही गुंतागुंत असेल तर कंपनीच्या किंवा युनिव्हर्सिटीच्या वकिलाला विचारूनच तिकीट काढा.

आमच्या घरात पेपर लिहिणारी एक आणि तिकिटे बघणारा एक. काही वर्षांपूर्वी व्हिएन्नाच्या एका परिषदेत तिचा पेपर लागला. पोस्टर छापून आले, हॉटेल ठरले, मुलाला सांभाळायला मैत्रीण तयार झाली. निघायला बारा दिवस असताना पासपोर्ट उघडून पाहिला, तर अमेरिकेचा व्हिसा मार्चमध्येच संपलेला! एच-१बीची मुदत आणखी दोन वर्षे होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. शेवटी ती गेलीच नाही. पोस्टर एका सहकाऱ्याने लावले. ती पोस्टरची नळी अजून आमच्या कपाटामागे उभी आहे.

राहण्याची परवानगी आणि येण्याची परवानगी

आमची चूक झाली ती इथे. आय-७९७ हा कागद आणि आय-९४ ची नोंद आपल्याला अमेरिकेत राहू देतात. पासपोर्टवरचा व्हिसा, ज्याला आपण 'स्टॅम्प' म्हणतो, तो फक्त आत येण्यासाठी. इथे राहताना स्टॅम्प संपला तरी काही बिघडत नाही. मात्र देशाबाहेर पाऊल टाकले की परत यायला नवा स्टॅम्प लागतो.

पूर्वी काहीजण परिषदेच्याच गावी किंवा कॅनडात मुलाखत देऊन स्टॅम्प घेऊन येत. तो मार्ग आता जवळजवळ बंद आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने सांगितले की अर्जदाराने आपल्या देशात किंवा जिथे कायदेशीर वास्तव्य आहे तिथेच अर्ज करावा. त्याच महिन्यापासून मुलाखतीशिवाय, म्हणजे 'ड्रॉपबॉक्स'ने, एच-१बीचे नूतनीकरण होणेही बहुतेक थांबले. डिसेंबर २०२५ मध्ये एच-१बी आणि एच-४ च्या अर्जदारांची सोशल मीडियाची तपासणी सुरू झाली आणि भारतातल्या पुष्कळ मुलाखती कित्येक महिने पुढे गेल्या. स्टॅम्पसाठी गेलेले लोक तिथेच अडकले, आणि घर, नोकरी, मुलांची शाळा सगळे इथे. तेव्हा स्टॅम्प संपलेला असेल तर बर्लिनची चार दिवसांची परिषद ही खरे म्हणजे बर्लिन आणि मुंबई अशी, किती दिवसांची ते माहीत नसलेली, सहल आहे. जायचे की नाही ते हे धरून ठरवा.

लेझर, अणुशास्त्र, काही रसायने असल्या विषयांत काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट धरून चालावे. मुलाखत चांगली झाली तरी '२२१(जी)' असा कागद हातात पडू शकतो. मग जादा चौकशी होते आणि तिला आठवडे लागू शकतात. आपल्या कामाचे साध्या भाषेतले एक पान, बायोडेटा आणि प्रकाशनांची यादी बरोबर असू द्या.

कॅनडा आणि मेक्सिकोसाठी एक सवलत आहे आणि ती फार कमी जणांना माहीत असते. तिथे ३० दिवस किंवा त्याहून कमी राहिलात, आय-९४ ची मुदत शिल्लक असेल आणि तिथे असताना अमेरिकेच्या नव्या व्हिसासाठी अर्ज केला नसेल, तर साधारणपणे संपलेल्या स्टॅम्पवरही परत येता येते. आय-९४ आणि आय-७९७ छापून जवळ ठेवा. यात एक गंमत आहे. मेक्सिको भारतीयांना स्वतःच्या व्हिसाशिवाय आत घेतो ते अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड पाहून. स्टॅम्प संपला की तीही सोय गेली! कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा एच-१बीवाल्या भारतीयांना लागतोच. ग्रीन कार्डवाल्यांना लागत नाही, पण कार्डाबरोबर चालू पासपोर्ट हवा.

ग्रीन कार्डचा आय-४८५ अर्ज विचाराधीन असेल तर अॅडव्हान्स पॅरोल हातात असल्याशिवाय बाहेर जाऊ नका, अर्ज सोडून दिला असे धरले जाते. (एच-१बी आणि एल-१ वर असणाऱ्यांना, व्हिसा चालू असेल तर, यातून सूट आहे.) एफ-१ वरून एच-१बीवर बदल करण्याचा अर्ज चालू असताना बाहेर गेलात तर तो बदलही बाद होतो. विद्यार्थ्यांनी आय-२० वर प्रवासाची सही घ्यायची. ती वर्षभर चालते, ओपीटीवर असाल तर सहाच महिने.

तिथे जायचा व्हिसा

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करावाच लागतो. आमचा सल्ला, तीन महिने आधी. वेळच मिळत नाही ही मुख्य अडचण असते. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, आणि परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान तीन महिने चालू हवा. शिवाय अमेरिकेत परत येता येईल याचा पुरावा मागतात, म्हणजे गाडी फिरून पुन्हा स्टॅम्पवरच येते.

विमान कुठे बदलते तेही बघा. लंडनसारख्या ठिकाणी नुसते विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो आणि त्यातली सूट बहुधा अमेरिकेच्या चालू व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर मिळते. हे नियम बदलतात. तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या वकिलातीची माहिती वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

अमेरिकन नागरिक झालेल्यांनी भारतातल्या परिषदेला जाताना टुरिस्ट व्हिसावर जाऊ नये, त्यासाठी वेगळा कॉन्फरन्स व्हिसा आहे. ओसीआय कार्ड असेल तर तो लागत नाही, पण भारतात संशोधन करायचे असेल तर मात्र ओसीआयवाल्यांनाही खास परवानगी घ्यावी लागते.

निमंत्रण

आयोजकांकडून लेटरहेडवर पत्र मागवा. त्यात तुमचे पासपोर्टवरचे नाव, पेपरचे शीर्षक, तारखा आणि खर्च कोण करणार हे असावे. विवेकानंद १८९३ च्या जुलैअखेर शिकागोला पोचले तेव्हा त्यांच्याकडे असे अधिकृत पत्र नव्हते. परिषद ११ सप्टेंबरला, पैसे संपत चाललेले, म्हणून ते बॉस्टनकडे गेले आणि तिथे हार्वर्डचे प्राध्यापक जॉन हेन्री राइट यांनी त्यांना शिफारसपत्र दिले. (त्याच परिषदेत मुंबईचे बी. बी. नगरकरही ब्राह्मसमाजातर्फे बोलले होते, ते आपल्याला आठवत नाहीत.) आजच्या व्हिसा अधिकाऱ्यापुढे राइटसाहेब येणार नाहीत.

"आपल्या थोर कार्याने प्रभावित होऊन" अशी न मागता येणारी निमंत्रणेही तपासा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये हैदराबादच्या ओमिक्स कंपनीवर दावा लावला होता. परिषदांच्या जाहिरातीत नामवंत शास्त्रज्ञांची नावे त्यांच्या संमतीशिवाय वापरली, हा त्यातला एक आरोप. २०१९ मध्ये कोर्टाने कंपनीला ५ कोटी डॉलर्सहून अधिक रक्कम भरायला सांगितली. म्हणून फी भरण्याआधी समितीतल्या एखाद्या प्राध्यापकाला थेट ई-मेल करून विचारा.

निघताना आणि आल्यावर

पोस्टर कापडावर छापून घ्या, घडी करून बॅगेत बसते आणि नळी विसरत नाही. ऑफिसचा लॅपटॉप नेणार असाल तर निर्यात नियमांबद्दल ऑफिसला आधी विचारा. एकटी आई किंवा एकटे बाबा मुलाला घेऊन जाणार असतील तर दुसऱ्या पालकाचे नोटरी केलेले संमतीपत्र न्या. व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही पासपोर्ट न्या.

परत आल्यावर, जेट लॅग असला तरी, त्याच आठवड्यात आय-९४ काढून तारीख बघा. पासपोर्ट एच-१बीच्या आधी संपत असेल तर अधिकारी पासपोर्टच्या तारखेपर्यंतच मुदत देतात, आणि पुढे पासपोर्ट नवा केला तरी ती आपोआप वाढत नाही. तारीख चुकीची किंवा कमी दिसली तर लगेच वकिलाला कळवा.