डोंगरावरचे पाणी आणि गिरणीचा सांचा

शाळेची सहल घेऊन मी एकदा खोपोलीला गेलो होतो. डोंगराच्या उतरणीवरून खाली येणारे लोखंडी नळ पाहून एका विद्यार्थ्याने विचारले, “गुरुजी, एवढी वीज इथं होते, मग ती आधी मुंबईलाच का गेली?” मी त्याला विज्ञानाच्या पुस्तकातले उत्तर दिले. पण निम्मेच उत्तर त्या पुस्तकात आहे. बाकीचे इतिहासात शोधावे लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभी गिरणगाव वाफेवर चालत असे. प्रत्येक गिरणीचे बॉयलर वेगळे, इंजिन वेगळे, धुराडे वेगळे. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस अडवून त्यावर गिरण्या चालवाव्यात, ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग या वास्तुविशारदाची. जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली, पण ती फळास येण्यापूर्वीच, १९०४ साली, ते निवर्तले. पुढे त्यांच्या मुलांनी १९१० साली कंपनी उभारली. पैसा देशातच, संस्थानिकांकडूनसुद्धा, गोळा झाला. चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरावा म्हणून लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधले. सतराशेहून अधिक फूट खाली कोसळणाऱ्या त्या पाण्यावर १९१५ साली खोपोलीची यंत्रे फिरू लागली.

आता प्रश्न होता तो त्रेचाळीस मैलांवरच्या मुंबईचा. तारेतून जितका प्रवाह जास्त, तितकी तार तापते आणि तेवढी वीज वाया जाते. प्रवाह दुप्पट केला तर नुकसान चौपट होते. म्हणून दाब वाढवायचा आणि प्रवाह कमी ठेवायचा. खोपोलीहून वीज निघाली ती सुमारे एक लाख व्होल्टच्या दाबाने. परळला तो दाब उतरवून गिरण्यांना वीज दिली जाई. गिरणी म्हणजे काही चार दिव्यांचे घर नव्हे. वीज क्षणभर गेली तरी हजारो चात्या थांबतात. आणि गिरणीला लागेल तेव्हा लागेल तेवढी वीज द्यायची, तर तेवढे पाणी, तेवढी यंत्रे, तेवढ्या जाड तारा आधीच तयार हव्यात. एवढा खर्च भरवशाच्या गिऱ्हाइकाशिवाय कोण करील? म्हणून मोठ्या गिऱ्हाइकाशी करार होतो तो दीर्घ मुदतीचा आणि ठोक मागणीचा.

इथेच त्या मुलाच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर सापडते. एक लाख व्होल्टच्या तारेवर झोपडीतला दिवा लागत नाही. दाब उतरवायला केंद्र लागते, आणि ते केंद्र उभे राहते गिऱ्हाईक असेल तिथे. तार शेतावरून जाते, पण शेतकऱ्यासाठी थांबत नाही.

मुंबईची भूक वाढत गेली. १९२२ साली भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. त्यापूर्वीच मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमावर धरणाचे काम निघाले होते, आणि सुमारे पन्नास गावांचा घास घेतला जाणार होता. १९२१ च्या रामनवमीला मावळे तिथे सत्याग्रहाला बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे यांनी तुरुंग पत्करला. लढा सुमारे तीन वर्षे चालला आणि हरला. जी नदी पूर्वेकडे भीमेला मिळायची, तिचे पाणी १९२७ साली भिऱ्याची यंत्रे फिरवीत कोकणात उतरू लागले.

विजेला मी दोष देत नाही. तिने मुंबईच्या आकाशातला कितीतरी धूर कमी केला आणि लाखो हातांना काम दिले. पण १९८२ च्या संपानंतर ज्या सांच्यांसाठी हे सारे झाले, ते एकेक करून बंद पडले. धुराडी पडली, भोंगे थांबले; आणि पाण्याखाली गेलेली गावे मात्र पाण्याखालीच राहिली.

आता वर्गात विजेचा धडा आला, की फळ्यावर मी तारेची आकृती काढतो. आधी एका टोकाला गिरणी काढून थांबत असे. आता दुसऱ्या टोकाला एक गाव काढतो आणि मुलांना त्याचे नाव विचारतो.