नामशेष म्हणायचं कधी? लाल यादी आणि आपला रानपिंगळा

मंडळी, आज आपण एका यादीचा इतिहास बघणार आहोत. आययूसीएन ही निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना 1948 साली स्थापन झाली. 1964 पासून तिची 'लाल यादी' निघते. कोणती जात नामशेष होण्याच्या किती जवळ आहे, हे ती सांगते.

पण हे ठरवायचं कसं? सुरुवातीची जवळजवळ तीस वर्षं सगळी भिस्त जाणकारांच्या अंदाजावर होती. एकाला जो पक्षी धोक्यात वाटे, तो दुसऱ्याला नुसता दुर्मीळ वाटे. 1991 मध्ये जॉर्जिना मेस आणि रसेल लँडे यांनी मांडलं, की मोजता येतील असे निकष लावा. त्यातून 1994 चे निकष आले. प्रौढ जीव 250 पेक्षा कमी आहेत आणि ठरावीक प्रमाणात घटतायत, तर जात 'अतिसंकटग्रस्त'. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत 80 टक्के घट झाली, तरीही अतिसंकटग्रस्त. मग उरलेली संख्या हजारांत का असेना. पांढऱ्या पाठीचं गिधाड 2000 साली या वर्गात गेलं ते घटीच्या वेगामुळे.

आणि 'नामशेष'? त्यासाठी शेवटचा जीव मेला याविषयी वाजवी शंका उरता कामा नये. योग्य जागी, योग्य वेळी कसून शोध झालेला हवा. ही अट एवढी कडक का, ते आपल्या खानदेशात समजतं.

रानपिंगळ्याचं शास्त्रीय वर्णन ह्यूमने 1873 मध्ये केलं. 1884 नंतर खात्रीचा एकही नमुना नाही. संग्रहालयांत मिळून सातच. त्यातल्या एकावर रिचर्ड माइनर्ट्झहागेनची चिठ्ठी होती: 1914, मांडवी, गुजरात. पुढे पामेला रासमुसेन यांनी दाखवून दिलं, की तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना होता. आता बघा, एका खोट्या चिठ्ठीमुळे लोक पक्षी नसलेल्या जागी शोधत राहिले!

रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांनी जुन्या, खऱ्या जागा धरल्या, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. तब्बल 113 वर्षांनी!

याच भागात, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, तळोद्याची वनजमीन सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी मोकळी केली गेली होती. माणसांना जमीन हवीच होती, त्यात वाद नाही. पण त्या निर्णयाच्या वेळी रानपिंगळ्याची बाजू मांडणार कोण? तो तिथे आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पक्षी 'गेला' असं आपण धरून चाललो, की त्याचं रानही हिशोबातून जातं.

नंतर मेळघाटात, तानसात, मध्य प्रदेशात तो सापडत गेला. 2018 मध्ये आययूसीएनने त्याला अतिसंकटग्रस्तवरून 'संकटग्रस्त' वर्गात आणलं. पक्षी वाढले म्हणून नव्हे हं, आपली माहिती वाढली म्हणून. सागाची रानं तुटतायत, ढोलीची जुनी झाडं कमी होतायत, हे आजही खरंच आहे.

म्हणून लाल यादी वाचताना आपण दोन प्रश्न विचारायचे: हा जीव किती उरलाय, आणि आपण त्याला नीट शोधलंय का?