निपाणीच्या तंबाखूची जात



मिस्सेनंतरच्या अभ्यासवर्गात कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने विचारले, ‘देवाने प्रत्येक वनस्पती आपापल्या जातीप्रमाणे निर्माण केली, तर नवी जात मधेच कुठून येते?’ ‘श्रद्धा ठेव,’ म्हणून आम्ही त्याला खाली बसवले. घरी येताना आम्हांलाच ते बोचले. मुलगा निपाणीकडचा; उत्तर त्याच्या बांधाशीच उभे होते.

आपल्याकडचा विडीचा तंबाखू मूळ दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगिजांच्या गलबतांतून तो हिंदुस्थानात आला. १७५३ साली लिनियसने त्याला ‘निकोटियाना टॅबॅकम’ हे नाव दिले. लिनियस हा लुथरन पाळकाचा मुलगा. आदामाचे नाव ठेवण्याचे काम त्याने पुढे चालवले, असे म्हणायला हरकत नाही. देवाने आरंभी घडवल्या तितक्याच जाती, असे तो प्रथम मानत असे. पुढे त्यालाही शंका आली.

१७६० च्या सुमारास केलरॉयटर नावाच्या जर्मन अभ्यासकाने तंबाखूच्याच दोन जातींचा संकर केला. झाडे जोमदार आली, पण खेचरासारखी वांझ. त्याला समाधान वाटले: सृष्टीची घडी मोडत नाही. त्याचे हे प्रयोग ब्रनोच्या मठातल्या ग्रेगर मेंडेल या ऑगस्टिनियन संन्याशाला माहीत होते. मेंडेलने वाटाण्यावरचे आपले काम १८६५ साली मांडले.

गंमत अशी, की आपला तंबाखू स्वतःच संकर आहे. दोन रानटी जाती, प्रत्येकीची गुणसूत्रे २४. संकरात दोघींकडून बारा-बारा येतात, त्यांना जोडीदार मिळत नाही, म्हणून वांझपण. पण कधीतरी ती दुप्पट झाली, ४८ झाली, प्रत्येकाला जोडी मिळाली आणि बी धरले. शेतकरी जन्मण्याच्या कितीतरी आधी हे रानात घडले. कॅलिफोर्नियातल्या क्लॉसेन आणि गुडस्पीड यांनी १९२५ साली तंबाखूतच अशी दुप्पट झालेली, बी धरणारी नवी जात दाखवून दिली.

१९८३ साली परका जनुक घातलेली पहिली झाडे झाली, तीही तंबाखूची. जनुक आत नेला तो मातीतल्या एका जिवाणूने. झाडांत आपले जनुक घुसवणे हा त्याचा मूळचाच धंदा. माणसाने तो फक्त राबवून घेतला. म्हणून माणूस करील ते सगळे योग्य, असे आम्ही म्हणत नाही. पण ‘जात बदलली म्हणजे देव हरला’ हे म्हणणेही आम्हांला पटत नाही.

पुढच्या रविवारी हे सगळे त्या मुलाला सांगितले. त्याने विचारले, ‘मग निकोटिन झाडाला कशासाठी?’ पाने कुरतडणाऱ्या किडीसाठी. ज्या झाडांत हे विष होते ती किडीतून वाचली, त्यांचे बी पुढे गेले. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. तो थोडा वेळ गप्प राहिला. त्याची आई वीस वर्षे विड्या वळते. ‘ते विष तिच्या हाताला, छातीला लागत असेल का?’

लागते, असे आम्ही सांगितले. सोमवारी तिला दवाखान्यात घेऊन गेलो.